निरे गोटे

“तिथं काही नाही ना ताई. निरे गोटे पडून आहेत.”

काटोल नाक्यावरचे रिक्षावाले काका हे अगदी काळजीने सांगत होते. बाहेरगावची बाई, हातात छत्री, वर आभाळ भरलेलं, त्यात पोळ्याचा दिवस. परतीला सवारी मिळणार नाही म्हणून त्यांनी थांबायची तयारीही दाखवली. गोटेच पाहायचे आहेत, असं तिने सांगितल्यावर मात्र त्यांनी मीटर न पाडताच रिक्षा काढली.

या वेडाची सुरुवात एका छायाचित्रातून झाली होती. १९२५ साली इंग्लंडमध्ये एका वैमानिकाला शेतात ठिपक्यांची कडी दिसली. मॉड कनिंग्टन यांनी ती जागा खणली तेव्हा कळलं की, ठिपके म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाकडी खांबांचे खड्डे आहेत. खांब केव्हाच कुजून गेले होते, मातीने त्यांचे नुसते डाग जपले होते. आता त्या वूडहेंजमध्ये प्रत्येक खड्ड्याच्या जागी काँक्रीटचा खुंट आहे. ते चित्र तिने शाळेपासून जपून ठेवलं होतं. पुढे पुण्यात एका व्याख्यानानंतर शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ सहज म्हणाले, “अहो, गोलच पाहायचे तर नागपूरला जा की!” तिने त्याच आठवड्यात तिकीट काढलं.

नागपुरात उतरल्यावर झिरो माईलचा खांब रिक्षातूनच पाहिला. दीक्षाभूमीवर जाऊन डोकं टेकवलं. फुटाळा तलावापाशी थांबली नाही.   

तिला जायचं होतं ते जुनापाणी शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. मुरमाड उताराची जमीन, गुडघाभर गवत, मध्येच तरोट्याचे दाट पुंजके. पहिलं वर्तुळ दिसलं ते पाय अडखळल्यावरच. काळ्या बेसाल्टचे मोठाले धोंडे गोलाकार मांडलेले, आत मुरूम आणि दगडगोट्यांचा उंचवटा. एक वर्तुळ ओळखू आलं आणि मग नजर फिरेल तिथे दुसरं, तिसरं, दहावं. इथे अशी सुमारे ३०० वर्तुळं नोंदलेली आहेत. इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकातल्या, लोखंड वापरणाऱ्या माणसांची ही स्मशानभूमी.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथली काही वर्तुळं उघडली आणि १८७९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेल्या वाटीएवढ्या खळग्या आहेत. त्या पाहून तो चकित झाला, कारण तशाच खळग्या ब्रिटनमधल्या दगडांवर सापडलेल्या होत्या. मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे या खळग्यांच्या दिशा मोजून त्यांचा आकाशाशी काही संबंध लागतो का, हे तपासलं. तिने एका खळगीत बोट घातलं. आत पावसाचं पाणी साचलं होतं, तळ मात्र दगडाच्या बाकीच्या पाठीपेक्षा गुळगुळीत होता. कुणीतरी इथे बसून तो घासला असणार, बराच वेळ, बहुधा घाई नसताना.

१९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळं शास्त्रशुद्ध खणली. एकात घोड्याचे अवशेष निघाले. पुढे १९७०-७२ मध्ये शां. भा. देव यांच्या हाताखाली नागपूर विद्यापीठाने जवळच्याच माहुरझरीला उत्खनन केलं. लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, सोन्याचे दागिने, पक्ष्यांच्या आकृत्या बसवलेली तांब्याची झाकणं असं बरंच काही मिळालं. तिचं मन मात्र माहुरझरीच्या घोड्यापाशीच अडकलं. त्याच्या तोंडात लगाम होता, चेहऱ्यावर तांब्याच्या पत्र्याचा साज होता आणि हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. आधी सजवला, मग मारला, मग धन्याजवळ ठेवला.

त्याच वेळी खालच्या गावातून ढोल ऐकू आला. तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहात होत्या. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग. आदल्या संध्याकाळी तूप-हळदीने त्यांचे खांदे शेकले असतील, जेवायला यायचं आवतण दिलं असेल. झडत्या सुरू झाल्या तशी गर्दी हसू लागली. तिला मात्र बाशिंगावरून नजर हलवता येईना. हे बैल पुरणपोळी खाऊन आपापल्या गोठ्यात परतणार होते. त्या घोड्याला तांब्याचा साज चढवताना त्याच्या मानेवर कुणी हात फिरवला असेल का?

ही माणसं कोण होती, यावर एक जुना वाद आहे. लॉरेन्स लेश्निक यांनी १९७४ च्या ग्रंथात दक्षिणेतल्या अशा दफनांचे कर्ते म्हणजे घोड्यांवरून भटकणारे पशुपालक, असं मांडलं. थडगी शेकड्यांनी सापडत होती, घरं मात्र क्वचित, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. तिने त्या पानांच्या कडेला पेन्सिलीने चिडून लिहून ठेवलं होतं, “आणि नायकुंड?” पेंच नदीकाठच्या नायकुंडला १९७८ ते ८० या काळात देव आणि जामखेडकर यांना वस्ती मिळाली, जळून कोळसा झालेलं धान्य मिळालं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोखंड गाळायची विटांची भट्टी मिळाली, मळीसकट. आज तळ ठोकून उद्या निघून जाणारा माणूस धान्य पिकवून भट्टी लावत बसत नाही.

तरीही जुनापाणीच्या उतारावर बसल्यावर लेश्निक सगळेच चुकले, असं तिला म्हणवेना. पावसाळ्यात शेती आणि उन्हाळ्यात गुरं घेऊन चाऱ्यामागे, असं एकाच घरात का होत नसेल? घोड्याला एवढा मान देणाऱ्यांच्या आयुष्यात प्रवास असणारच. घरं लाकडाची आणि कुडाची होती, ती गेली. मेलेल्यांसाठी मात्र त्यांनी दगड वाहून आणले. वूडहेंजच्या चित्रात ती इतकी वर्षं खांब शोधत होती. इथे धोंडे समोर होते आणि खांब त्या माणसांच्या घरांतून नाहीसे झाले होते.

संध्याकाळपर्यंत ती तिथून हललीच नाही. माहुरझरी राहिलं.

दुसऱ्या दिवशी नायकुंडला जायचं ठरलं होतं, पण तिने दक्षिणेची, टाकळघाटची वाट धरली. कारण स्टीफन हिस्लॉप. १८४५ मध्ये नागपूरला आलेला हा स्कॉटिश धर्मोपदेशक भूगर्भ आणि जीवाश्मांचा पक्का अभ्यासक होता. हिस्लॉप कॉलेजला त्याचंच नाव आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचा कारभार पाहणाऱ्या रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर तो टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहायला गेला. ४ तारखेला बोरीच्या शाळेत मुलांची परीक्षा घ्यायला गेला आणि परतताना अंधारात, घोड्यावरून एकटाच, पुराने फुगलेला नाला ओलांडताना बुडाला. गोंड आणि इतर आदिवासींबद्दलचे त्याचे कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. टाकळघाट-खापा इथे रीतसर उत्खनन व्हायला मात्र शंभरहून अधिक वर्षं जावी लागली.

बुटीबोरीच्या कारखान्यांमागून एक नाला वाहतो. तोच की दुसरा, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. घोटाभर पाणी, तेही गढूळ. ती काठावर बराच वेळ उभी राहिली. घोडा इथे कितीतरी वेळा बुजला असेल, त्याला पाण्याचा आवाज धन्याच्या आधी कळला असेल, असं वाटत राहिलं.

पलीकडून तान्ह्या पोळ्याला निघालेला सहा-सात वर्षांचा मुलगा आला. चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत होता. बैलाच्या कपाळावर बेगडी बाशिंग होतं. पाण्याशी आल्यावर त्याने दोरी मनगटाला गुंडाळली, बैल दोन्ही हातांनी छातीशी उचलला आणि बाशिंग भिजू नये म्हणून मान वर धरून, एकेक पाऊल चाचपत, नाला ओलांडला.