विल्यम्सपोर्ट : मुलांच्या मापाचे मैदान

ऑगस्ट उतरणीला लागला की अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या शांत गावाला जत्रेचे रूप येते. भोवताली हिरवे डोंगर, मधून संथ वाहणारी सुस्क्वेहाना नदी आणि नदीपलीकडच्या साउथ विल्यम्सपोर्टमध्ये गर्दीने फुललेले मोठे स्टेडियम. सामना असतो बेसबॉलचा आणि खेळाडू असतात जेमतेम बारा वर्षांचे! प्रवेश मोफत असतो. सीमारेषेपलीकडे गवताची एक उतरती टेकडी आहे. तिच्यावर प्रेक्षकांतली पोरे पुठ्ठ्यांची खोकी चपटी करून त्यांवर बसतात आणि घसरगुंडी खेळतात. खाली जागतिक स्पर्धेचा सामना रंगात आलेला असतो. त्यांना त्याचे काही सोयरसुतक नसते.

हा सोहळा म्हणजे ‘लिटिल लीग वर्ल्ड सिरीज’. 2022 पासून यात वीस संघ उतरतात. दहा अमेरिकेचे, दहा इतर देशांचे. परंतु या खेळाचे मूळ पाहायचे तर पूल ओलांडून नदीच्या अलीकडे यावे लागते.

लाकडाच्या गावातली कल्पना

एकोणिसाव्या शतकात विल्यम्सपोर्ट लाकडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. डोंगरातले ओंडके नदीत सोडायचे, गावाशी अडवायचे आणि कापून विकायचे. त्या पैशातून उभे राहिलेले वाडे वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर आजही दिसतात. लक्षाधीशांची आळी म्हणूनच तो भाग ओळखला जातो. याच रस्त्याने पुढे गेले की एक छोटेसे मैदान लागते. वाड्यांपुढे ते अगदीच साधे वाटते. पण गावाचे नाव जगभर झाले ते या मैदानामुळे.

1938 सालची गोष्ट. कार्ल स्टॉट्झ नावाचा एक साधा नोकरदार अंगणात आपल्या दोन भाच्यांशी चेंडू खेळत होता. चेंडूमागे धावताना तो लायलॅकच्या झुडपाला अडखळला आणि पाय दुखावून बसला. बसल्या बसल्या त्याच्या मनात आले, या पोरांसाठी खराखुरा सामना का असू नये? गणवेश, पंच, नवा चेंडू, सगळे मोठ्यांसारखे. अडचण मैदानाची होती. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये एका बेसपासून दुसरा बेस नव्वद फुटांवर असतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाने तेवढे धावेपर्यंत चेंडू केव्हाच पोहोचलेला असायचा. म्हणून स्टॉट्झने पोरांनाच पळायला लावून निरनिराळी अंतरे अजमावली. अखेर साठ फूट हे माप ठरले. पोरांना पळताना दम लागे, पण बाद होण्याची खात्रीही नसे.

पैशासाठी त्याने गावातल्या दुकानदार-कारखानदारांचे उंबरठे झिजवले. छप्पन्न ठिकाणी नकार मिळाला, असे सांगतात. शेवटी एक दूध डेअरी तयार झाली, मग एक लाकडाची वखार आणि एक खारी बिस्किटे करणारी कंपनी. 6 जून 1939 रोजी पहिला सामना झाला. वखारीच्या संघाने डेअरीवाल्यांना 23-8 असे हरवले.

ज्याने लावला तोच दूर गेला

रोप भराभर वाढले. 1947 मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा विल्यम्सपोर्टमध्येच झाली आणि गावच्याच संघाने ती जिंकली. 1957 मध्ये मेक्सिकोतील माँतेरे शहराची मुले विजेती ठरली. अंतिम सामन्यात आन्हेल मासियास या चिमुरड्या गोलंदाजाने एकाही प्रतिस्पर्ध्याला पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही. 1959 मध्ये स्पर्धा नदीपलीकडच्या मोठ्या जागेत गेली.

मात्र तोवर संस्थापक संस्थेबाहेर पडला होता. मोठी कंपनी पाठीशी आली, कारभार वाढला आणि लहान गावातला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालवलेला खेळ मागे पडतो आहे असे स्टॉट्झला वाटू लागले. 1955 मध्ये प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तडजोड झाली आणि स्टॉट्झ बाजूला झाला. त्याने जुन्या मैदानावर आपली छोटी लीग वेगळी चालू ठेवली. 1992 मध्ये त्याचे निधन झाले. एका काठावर जागतिक स्पर्धा, दुसऱ्या काठावर गल्लीतला खेळ, अशी ही दोन मैदाने आजही उभी आहेत.

आईबाबांपुढचा पेच

मुलाचे नाव खेळात घालायचे ठरले की प्रत्येक अमेरिकन घराला या दोन काठांमधून निवड करावी लागते. न्यू जर्सीतील एडिसनसारख्या गावांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचीही यातून सुटका नसते. वडिलांचे लहानपण टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये गेलेले, आईला बेसबॉलचा ओ की ठो ठाऊक नसतो आणि सहा वर्षांचे चिरंजीव शाळेतून फर्मान घेऊन येतात, “माझे सगळे मित्र खेळणार आहेत!”

वाटा अनेक असतात. लिटिल लीगमध्ये मूल जिथे राहते किंवा शिकते त्या हद्दीतल्या शाखेतच जाते. त्यामुळे संघात शाळासोबती आणि शेजारीच भेटतात. 1951 मध्ये सुरू झालेल्या ‘पोनी’ संस्थेत वयोगटांना घोड्यांच्या जातींची नावे आहेत आणि मूल वाढेल तसे मैदानही वाढते. अकरा-बारा वर्षांच्या गटात बेसमधले अंतर सत्तर फूट होते. ‘कॅल रिपकेन’ ही आणखी एक लीग. याखेरीज निवडक मुलांचे फिरते संघ असतात. त्यात चाचणी द्यावी लागते, पैसे बरेच मोजावे लागतात आणि शनिवार-रविवार परगावच्या मैदानांवर जातात.

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी यातले मोठे नाव कोणते, हा प्रश्न गौण आहे. आधी पाहायचे ते त्याला खेळायला किती मिळते. सुरुवातीच्या ‘टी-बॉल’मध्ये गोलंदाज नसतोच. रबरी दांडीवर ठेवलेला चेंडू मुलाने टोलवायचा आणि धावत सुटायचे. निम्मे क्षेत्ररक्षक फुलपाखरांमागे असतात आणि त्याबद्दल कोणी रागावतही नाही. पुढच्या गटांत नेहमीच्या सामन्यात प्रत्येक मुलाला फलंदाजी आणि ठरावीक वेळ क्षेत्ररक्षण द्यायचेच, असा लिटिल लीगचा नियम आहे. इतर लीगमध्ये असा नियम आहे का आणि तो पाळतात का, हे नाव घालण्यापूर्वी विचारावे.

दुसरी गोष्ट हाताची. वाढत्या वयात कोपराची हाडे कोवळी असतात. अति चेंडूफेकीने ती दुखावतात. म्हणून 2007 पासून लिटिल लीगने फेकी मोजायला सुरुवात केली. दिवसाला सात-आठ वर्षांच्या मुलाला 50, नऊ-दहाला 75, अकरा-बाराला 85 आणि मध्ये विश्रांतीचे दिवस. एकाच वेळी दोन संघांतून खेळणाऱ्या मुलाची बेरीज मात्र कोणी ठेवत नाही. ती आईबाबांनाच ठेवावी लागते.

मुलींना हे दार सहज उघडले नाही. 1950 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंगच्या कॅथरीन जॉन्स्टनने वेण्या कापून, मुलाचे नाव घेऊन संघात जागा मिळवली. त्यानंतर मुलींना बंदी करणारा नियमच झाला. न्यू जर्सीतील होबोकेनच्या मारिया पेपेच्या प्रकरणानंतर 1974 मध्ये तो उठला. तोवर मारियाचे खेळायचे वय उलटून गेले होते. 2014 मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने याच विल्यम्सपोर्टमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता सामना जिंकून दिला.

नाव घालण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी मैदानावर जाऊन बसावे. लक्ष उत्तम खेळाडूकडे न देता बाकाच्या टोकाला बसलेल्या मुलाकडे द्यावे. प्रशिक्षक त्याला नावाने हाक मारतो का? चेंडू हातून सुटला तर कुंपणापलीकडचे पालक ओरडतात की टाळ्या देतात? भारतातून आलेल्या आजी-आजोबांना नियम कळत नाहीत; पण घडीच्या खुर्चीवर बसून नातवाचा चेहरा त्यांना नेमका वाचता येतो. त्यांचाही सल्ला घ्यावा.

उत्तर न्यू जर्सीहून विल्यम्सपोर्ट मोटारीने साधारण तीन तासांवर आहे. ऑगस्टमध्ये गेल्यास सामने पाहायला मिळतात, स्टेडियमजवळचे संग्रहालयही पाहता येते. परतण्यापूर्वी वेस्ट फोर्थ स्ट्रीटवरच्या जुन्या मैदानाशी मात्र थोडे थांबावे. मोठ्या माणसाच्या पंचवीसेक पावलांत एका बेसवरून दुसरा बेस येतो. सहा वर्षांच्या मुलाला मात्र तेवढ्यासाठी जीव खाऊन पळावे लागते, आणि पोहोचल्यावर ते मागे वळून आईबाबा पाहत होते ना, याची खात्री करून घेते.