गळवावरच्या पेनिसिलिनला निरोप

गळू, केसतूड, नखुरडे, काळपुळी या दुखण्यांवर पेनिसिलिनचे इंजेक्शन हा एके काळी दवाखान्यातला ठरलेला इलाज होता. तो कधी निवर्तला, याची तारीख सांगता येत नाही. औषध अजून आहे. गेले ते त्याचे गळवावरचे काम. ही श्रद्धांजली त्या कामाला आहे.

जन्म 1928 चा, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत वाढत होते ते स्टॅफिलोकॉकस, म्हणजे गळू करणारेच जंतू. तिथे आलेल्या बुरशीभोवती ते नाहीसे होऊ लागले. पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी बुरशीतून औषध वेगळे काढले. भांडी पुरेनात तेव्हा रुग्णालयातली बेडपॅनसुद्धा कामी आली, आणि ती भरण्या-उपसण्याचे कष्ट काही तरुणींनी केले. फेब्रुवारी 1941 मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते दिले गेले. चेहऱ्याची जखम चिघळून त्यांचा एक डोळा काढावा लागला होता. काही दिवसांतच ताप उतरला, ते जेवू लागले. साठा संपत आला म्हणून त्यांच्याच लघवीतून औषध परत मिळवून टोचले गेले. तरीही ते पुरले नाही. 15 मार्चला अलेक्झांडर गेले. या औषधाच्या चरित्रात मला 1945 च्या नोबेलपेक्षा हा प्रसंग मोठा वाटतो.

आपल्याकडे ते पिंपरीला नांदले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. बुरशी वाढवण्याच्या टाक्यांत निर्जंतुक हवा सतत खेळती ठेवावी लागे आणि परका जंतू शिरला तर अख्खी टाकी वाया जाई. पाळ्यांमागून पाळ्या जागून हे सांभाळणाऱ्या कामगारांची नावे कुठल्याच कुपीवर आली नाहीत.

कुपीत पांढरी पूड असे, वर रबरी बूच. कंपाउंडर काचेची सिरिंज उकळून घेत, डिस्टिल्ड वॉटर आत सोडत आणि पूड विरघळेपर्यंत कुपी दोन तळव्यांत फिरवत राहत. आधी हाताच्या कातडीत टेस्ट डोस. मग बाकावर बसून राहायचे. गांध उठली नाही, की कमरेत इंजेक्शन. मात्रा लाखांत बोलली जाई: ‘पाच लाखांचे दिले आहे, उद्या परत या.’ एरवी ज्यांचा लाखाशी कधी संबंध आला नाही, ती माणसे घरी जाऊन हा आकडा अप्रूपाने सांगत. ठणका थांबे, पू आटे.

उतरणीची चाहूल मात्र फार लवकर लागली होती. पेनिसिलिन मोडून टाकणारे विकर काही जंतूंकडे असते, हे अब्राहम आणि चेन यांनी 1940 मध्येच नोंदवले होते. तेव्हा अलेक्झांडर यांना पहिली सुई टोचायची होती. 1948 पर्यंत लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांना निम्म्याहून अधिक स्टॅफिलोकॉकस दाद देईनासे झालेले दिसले. पुढे हेच सर्वत्र झाले. जगणे हा जंतूंचाही धर्म. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

पेनिसिलिनच्या मागे मोठा परिवार आहे. मेथिसिलिन 1960 च्या सुमारास आले, आणि 1961 मध्येच त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस सापडले. क्लोक्सासिलिन टिकून राहिले. सेफॅलेक्सिन चुलत घराण्यातले. त्याचा मूळपुरुष म्हणजे सार्डिनियात ब्रोत्झू यांना सापडलेली बुरशी. क्लिंडामायसिनच्या गोळ्या आणि मुपिरोसिनचे मलम हे घराबाहेरचे, पण आता घरकामाला हेही असतात. पू धरलेल्या गळवाला मात्र आधी चिराच द्यावा लागतो, आणि ती रीत पेनिसिलिनच्याही आधीची.

धावऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो करणारा स्ट्रेप्टोकॉकस इतक्या वर्षांत पेनिसिलिनला निष्प्रभ करायला शिकलेला नाही. तिथे डॉक्टर आजही आधी याच म्हाताऱ्याला बोलावतात.