पोल्गस्दूव : एका बेटाचे दार

१. वाचकहो, आजच्या धाग्यात किल्ला नाही, तह नाही, तलवारही नाही. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, हिक्कडुव आणि गॉल यांच्या दरम्यान, दोडंदूव नावाचे गाव आहे. गावालगतच्या रत्गम सरोवरात एक लहानसे बेट आहे. त्याचे नाव पोल्गस्दूव, म्हणजे नारळाच्या झाडांचे बेट. १९११ साली या निर्मनुष्य, सापांनी भरलेल्या जागी एक आश्रम उभा राहिला.

२. माझ्या घरी धम्म आला तो नागपूरहून. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आज जिला आपण दीक्षाभूमी म्हणतो त्या मैदानावर, माझी आजी उभी होती. त्यामुळे कोणत्याही विहाराचा इतिहास वाचताना मी स्थापत्याआधी एक गोष्ट शोधतो : त्याचे दार कुणासाठी उघडे होते? पोल्गस्दूवकडे मी वळलो तो याच प्रश्नासह.

३. आश्रमाचे संस्थापक भदन्त ञाणतिलोक. संस्कृत वळणाने ज्ञानत्रिलोक. जन्म १८७८, जर्मनीतील वीसबाडेन. पूर्वाश्रमीचे नाव आन्टोन ग्वेट, व्यवसाय व्हायोलिनवादन. १९०३ मध्ये ब्रह्मदेशात त्यांनी प्रव्रज्या घेतली. तिथेच त्यांना एक गोमंतकीय सहसाधक लाभला : धर्मानंद कोसंबी. सागाइंगच्या टेकड्यांतील गुहेत या दोघांनी एकत्र ध्यानसाधना केली.

४. बेट निवडण्यामागचा हेतू उघड होता. चोहोबाजूंना पाणी असल्याने एकांत मिळे, आणि भिक्षेसाठी होडीने किनारा गाठता येई. १९१४ मध्ये एका स्विस उपासकाने ते विकत घेऊन ञाणतिलोकांना दान केले. युरोपातून आलेले भिक्खू येथे पाली शिकत, ग्रंथ वाचत, ध्यान करीत.

५. आता माझ्या प्रश्नाकडे येतो. जातिभेदाला नाकारणाऱ्या बुद्धाच्या संघातही श्रीलंकेत जात शिरली होती. १७५३ मध्ये स्थापन झालेल्या सियाम निकायाची उपसंपदा पुढे केवळ गोविगम या उच्च मानल्या गेलेल्या जातीपुरती मर्यादित झाली. इतर जातींतील श्रामणेरांना दीक्षेसाठी समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात जावे लागले. अमरपूर निकाय जन्मला तो त्यातून.

६. या उतरंडीत अगदी तळाशी होते रोडिय. गावाबाहेर राहणारे, भीक मागून जगण्यास भाग पाडलेले. १९१३ मध्ये ञाणतिलोकांनी कँडीजवळच्या कडुगन्नावा भागात त्यांच्यामध्ये धम्मकार्य सुरू केले. त्यावर निंदेचे सूर उमटले. तरीही काही रोडिय बेटावर येऊन राहिले, शिकले. त्यांच्या प्रमुखाच्या मुलाला ञाणतिलोकांनी श्रामणेर केले आणि नाव दिले ञाणालोक. हे नाव लक्षात ठेवावे.

७. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश सत्तेच्या लेखी चीवरातला जर्मन हाही शत्रूच. ञाणतिलोकांना प्रथम दियतलावाच्या छावणीत आणि १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. सुटकेनंतर चीन, तिथे पुन्हा कैद, १९१९ मध्ये जर्मनी, मग काही वर्षे जपानमध्ये अध्यापन. पोल्गस्दूवला परतण्याची परवानगी मिळेपर्यंत १९२६ उजाडले. तोवर रानाने आश्रम गिळला होता.

८. त्यांनी तो पुन्हा उभारला. १९३६ मध्ये सीगमुंड फेनिगर हा तरुण तिथे आला. तोच पुढे ञाणपोनिक झाला. जन्माने ज्यू असल्याने नाझी राजवटीतील जर्मनीत त्याला जागा नव्हती. पण १९३९ मध्ये ब्रिटिशांनी त्यालाही ‘जर्मन’ म्हणून पकडले. गुरुशिष्य आधी दियतलावात आणि नंतर थेट आपल्या देहरादूनच्या छावणीत १९४६ पर्यंत बंदिवान राहिले. त्या काटेरी कुंपणाआड ञाणपोनिकांनी सुत्तनिपाताचा जर्मन अनुवाद केला.

९. युद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, दोन इंग्रज बेटावर आले. दोघेही युद्धकाळात ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते. ज्यांच्या सरकारने या आश्रमातील जर्मनांना दोनदा कैद केले, त्यांनाही आश्रमाने सामावून घेतले. त्यांपैकी ञाणमोलि यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषाच्या महाग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. तो १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती कोसंबींनी १९४० मध्ये मुंबईत सिद्ध केली होती.

१०. बेट म्हणजे जगापासून तुटलेला तुकडा, अशी आपली समजूत असते. पोल्गस्दूवला मात्र जगाने कधी सोडले नाही. अटकेचे हुकूम पाणी ओलांडून आले, जातीची कुजबुजही आली. आश्रमाच्या हाती एकच गोष्ट होती : किनाऱ्यावर उतरणाऱ्याला काय विचारायचे. राष्ट्र विचारायचे नाही, जात विचारायची नाही, हे त्याने ठरवले आणि त्याची किंमत मोजली.

११. २८ मे १९५७ रोजी कोलंबोत ञाणतिलोकांचे निधन झाले. शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले. पंतप्रधान बंदरनायके यांनी श्रद्धांजलीचे भाषण केले. त्यानंतर आश्रमाच्या प्रमुखपदी आले तेच ञाणालोक, रोडिय प्रमुखाचा मुलगा. नागपूरच्या त्या दिवसाला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. माझ्या आजीच्या कानी हे नाव कधी पडले नसणार. मी मात्र माझ्या वहीत त्या दोन तारखा एकाखाली एक लिहून ठेवल्या आहेत.