खऱ्या नावाची सक्ती

संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर जे खेळ आज घरोघर खेळले जातात, त्यांत खेळाडूने आपल्या खऱ्या नावानेच बोलावे-लिहावे अशी सक्ती असावी, ही सूचना अधूनमधून आमच्या कानांवर येते. सूचना करणारे बहुधा सद्‌हेतूचेच असतात. तोंड झाकले म्हणजे जीभ सुटते, आणि समोरासमोर जो शब्द काढण्याचा धीर झाला नसता तो आडून फेकला जातो, हा त्यांचा अनुभव खोटा आहे असे कोण म्हणेल? तथापि सुचविलेल्या उपायाचा विचार करू लागलो म्हणजे रोगापेक्षा औषधच भयंकर, असे आम्हांस वाटल्यावाचून राहत नाही.

नाव म्हणजे काय, हे प्रथम पाहू. आम्ही माणगावी राहतो. आमच्याकडे नवखा माणूस दिसला की ‘कुठले तुम्ही? कुणापैकी?’ हे दोन प्रश्न चहाच्या आधी येतात. मनुष्याने आपले संपूर्ण नाव सांगितले की यांतील पुष्कळशा चौकशीचे कामच उरत नाही. पहिला शब्द त्याचा स्वतःचा, दुसरा बापाचा, तिसरा कुळाचा. आणि तो तिसरा जर गोरेगावकर किंवा निजामपूरकर असा असला, तर पूर्वजांच्या गावची वाटही त्यातच दाखविलेली असते. जात आणि धर्म ऐकणारा आपल्या मनाशी ताडून घेतो; क्वचित चुकतो, पण ताडल्याखेरीज राहत नाही. असे असता, ‘नुसते नाव तर सांगायचे आहे’ हे म्हणणे आम्हांस पटत नाही. आमच्या देशात नाव ही नुसती खूण नसून तो पत्ता आहे, वंशावळ आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो कपाळावरचा शिक्काही आहे. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातील एखादा विद्यार्थी रात्री चार घटका खेळावयास बसतो, तेव्हा त्याच्या नेमबाजीची वा चपळाईची परीक्षा व्हावी, आडनावाची होऊ नये, एवढीच त्याची इच्छा असेल तर तीत गैर ते काय?

स्त्रियांच्या बाबतीत तर ‘खरे नाव’ कोणते, हाच प्रश्न पडतो. लग्नापूर्वी एक आणि लग्नानंतर दुसरे, असा आमच्याकडील रिवाज. नावाच्या मध्यभागी आधी वडील, मग पती. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नाव घालावयास लावले, म्हणजे खऱ्या नावाची व्याख्याही बदलत असते. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक विभावरी शिरूरकर या नावाने निघाले. शिकलेल्या, मिळवत्या कुमारिकांच्या मनातील कोंडमारा त्यात इतक्या स्पष्टपणे मांडला होता की सनातनी मंडळींत एकच गहजब झाला आणि ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. ज्यांचे आडनावच खरे, त्यांना खरे सांगण्यासाठी दुसरे नाव घ्यावे लागले! खऱ्या नावाची सक्ती त्या वेळी असती, तर पुस्तक निघते ना. आणि त्या पुस्तकावाचून मराठी वाचकाचेच नुकसान झाले असते. आज खेळात उतरणाऱ्या मुलीला आपले स्त्रीनाव दिसताच कसल्या भाषेशी गाठ पडते, हे ज्यांच्या घरात खेळणाऱ्या मुली आहेत त्यांस आम्ही सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल, मग निनावी पत्रे लिहिणाऱ्यांचीही तुम्ही तरफदारी करणार काय? मुळीच नाही. निनावी आणि टोपणनावी यांत मोठे अंतर आहे. निनावी पत्र लिहिणारा एकदा दगड मारून पळतो. टोपणनाव घेणारा त्या नावाने दररोज त्याच चावडीवर येऊन बसतो. त्या नावाची पत तो स्वतःच मिळवितो आणि गमावतोही स्वतःच. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरि देशमुखांनी 1848 पासून ‘प्रभाकर’ पत्रात आपल्याच समाजाचे दोष दाखविले ते ‘लोकहितवादी’ या नावाने. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज झाले आणि विनोदात बाळकराम. या नावांखाली त्यांनी हलगर्जीपणा केला असे कोणी म्हणत नाही. घेतलेल्या नावालाही अब्रू असते, आणि ती जपण्याची चिंता जन्मनावाइतकीच वाटू शकते.

शिवाय हा खेळ आहे, हे विसरून चालत नाही. शिमग्यात कोकणात खेळे दारी येतात, त्यांतला काळ्या वेषातील मुखवटेवाला संकासूर आपल्या अंगावर धावून येतो. त्याला थांबवून ‘बाबा, तुझे पूर्ण नाव काय?’ असे विचारणारा गृहस्थ गावात हास्यास्पदच ठरेल. आत कोण आहे हे बहुधा गावाला ठाऊक असते, पण खेळ चालू असेतो ते बोलून दाखवावयाचे नसते. सोंग हाच ज्याचा प्राण, त्याचे सोंग आधी उतरवून मग खेळावयास सांगणे हे अरसिकपणाचे आहे.

सक्तीने शिवीगाळ तरी थांबते काय? ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाची मालक ब्लिझर्ड कंपनी हिने 6 जुलै 2010 रोजी खेळाडूंच्या चर्चेत खरी नावे दाखविण्याचे जाहीर केले. खेळाडूंत एवढा क्षोभ उसळला की तीनच दिवसांत तिला बेत सोडावा लागला. दक्षिण कोरियाने तर 2007 साली मोठ्या संकेतस्थळांसाठी नोंदणी क्रमांकावरून ओळख पटविण्याचा कायदाच केला. पुढे 2011 साली तेथील दोन स्थळांवरून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली. आणि 23 ऑगस्ट 2012 रोजी तेथील घटना न्यायालयाने, गैरलेखन म्हणावे तसे घटलेले नाही असे पाहून, तो कायदा एकमताने रद्द केला.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघर येथील एका तरुणीने मुंबईतील बंदविषयी फेसबुकावर चार ओळी लिहिल्या, आणि तिच्या मैत्रिणीने त्यांस नुसती पसंती दर्शविली. दोघींनीही ते आपल्या खऱ्या नावाने केले होते. दोघींस अटक झाली, आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने नासधूस केली. ज्या 66 अ कलमाचा त्यांच्यावर प्रयोग झाला ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द ठरविले. परंतु मोडलेला दवाखाना न्यायालयाच्या निकालाने आपोआप उभा राहत नाही. नाव ठाऊक झाले की दार ठाऊक होते, आणि जमावाला दारच हवे असते. उलट, जो दांडगा आहे, ज्याच्या पाठीशी माणसे आहेत, तो आपल्या खऱ्या नावानेच आणि छातीठोकपणे शिव्या देतो. म्हणजे ही सक्ती दुबळ्याचे कवच काढून घेते व दांडग्याला ढालीची गरजच नसते.

मग उपाय कोणता? खेळ चालविणाऱ्याने अपशब्द वापरणाऱ्या नावास समज द्यावी, काही दिवस बाहेर बसवावे, न ऐकल्यास कायमचे घालवावे. मेहनतीने मिळविलेली पत गेली की त्या नावाच्या धन्याला झोंबल्याशिवाय राहणार नाही. खरोखर गुन्हा घडला असेल तर पोलीस व न्यायालय यांनी रीतसर मागणी करून तपास करावा. परंतु गुन्हा शोधण्याचा हा अधिकार वेगळा आणि प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याने प्रत्येकाचे नाव-गाव वाचावे हा हक्क वेगळा. पहिला समाजास हवा आहे. दुसरा कोणासच नको, निदान ज्याला आपल्या नावामुळे एकदा तरी दाराबाहेर उभे राहावे लागले आहे, त्याला तरी खास नको.