पानावरील आई आणि पडद्यावरील आई

आमच्या दाभोळच्या घरीं दिवेलागण झाली कीं आजी ओटीवर येऊन बसते. अलीकडे तिची दृष्टि फार मंदावली आहे. खाडींतल्या होड्यांचे दिवेही तिला धुकट दिसतात. गेल्या पावसाळ्यांत तिला रोज कांहीं वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि तिनें मागितलें तें पुस्तक होतें ‘श्यामची आई’.

साने गुरुजींनीं हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. त्यांचें पालगड आमच्याच दापोली तालुक्यांतलें. पुस्तकांत प्रकरणांच्या जागीं रात्री आहेत. अशा ४२ रात्री. आम्ही रोज एक रात्र वाचूं लागलों. लाडघरच्या तामस्तीर्थाची रात्र आली तेव्हां आजी म्हणाली, “आपल्याच किनाऱ्यावरचें रे तें!” आणि ती रात्र तिनें दोनदां वाचावयास लाविली.

एके सायंकाळीं सोबती खेळावयास बोलावीत होते. आम्हीं मधलीं दोन पानें गाळून रात्र संपविली. आजी कांहीं बोलली नाहीं.

पुढें श्रावणांत एका रविवारीं घरीं आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट लाविला. आजी डोळे मिटून ऐकत होती. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम पाहून आम्ही इतके रंगलों कीं, शेवटीं मोठ्या ऐटीनें म्हणालों, “आजी, ४२ रात्रींचें काम अडीच तासांत झालें! आतां पुस्तक कशास वाचावयाचें?” या चित्रपटास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें, हेंही सांगून टाकिलें.

आजी हसून म्हणाली, “चित्रपट चांगलाच आहे, बाळ. पण अत्र्यांनींही गाळलें आणि तूंही गाळलेंस. दोहोंत फरक काय, तो सांग. त्या दिवशीं श्याम पत्रावळ लावावयास शिकलाच नाहीं वाटतें?”

आमची मान खालीं गेली. आजीनें तें पुस्तक बालपणींच वाचिलें होतें!

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागेना. आजीच्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलों. चित्रपटास काळाची मर्यादा असते; म्हणून त्यास निवड करणें भाग पडतें. पण तो एका दृष्टिक्षेपांत पानभर मजकूर सांगून जातो. श्यामचे ओले पाय मळूं नयेत म्हणून आई पदर पसरते, तेव्हां तिचा चेहराच सर्व कांहीं बोलतो. उलट पुस्तकांत मोठा झालेला श्याम स्वतःच्या चुका स्वतःच्या तोंडानें कबूल करितो. तो पश्चात्ताप शब्दांतूनच पोंचतो. पडद्यावर आईस एकच मुख मिळतें. पानावर प्रत्येक वाचक आपल्या आईचें मुख तिला देतो. आणि मोठा भेद हा कीं, चित्रपट आपल्या वेगानें जातो, पुस्तक मात्र वाचणाऱ्यासाठीं थांबतें. अत्र्यांनीं जें गाळलें तें कथा नीट सांगतां यावी म्हणून; आम्हीं गाळलें तें कथा लवकर टळावी म्हणून. पहिली कला होय, दुसरी लबाडी.

दुसऱ्या सायंकाळीं आजीची क्षमा मागून आम्हीं तीच पत्रावळीची रात्र पुन्हा काढली. या वेळीं एकही ओळ सोडिली नाहीं. मध्येंच आजीनें पदरानें डोळे टिपले आणि म्हणाली, “थांब जरा.”

आम्ही थांबलों.