फोटो फ्रेममध्ये कोण कोण दिसतं?



हल्ली बऱ्याच शाळांना डिजिटल फोटो फ्रेम भेट मिळते. आमच्या द्विशिक्षकी शाळेलाही एका माजी विद्यार्थ्याने दहा इंची फ्रेम दिली. मेमरी कार्ड घातलं की फोटो आपोआप बदलत राहतात. मधल्या सुट्टीत मुलं समोर गर्दी करून बघतात. पण फोटो ठेवायचे कसे आणि ठेवायचे कोणते, हे दोन प्रश्न आपल्यालाच सोडवावे लागतात.

‘कसे’चं उत्तर सोपं आहे. आमच्या फ्रेमचा पडदा १२८० × ८०० पिक्सेलचा, म्हणजे साधारण १० लाख पिक्सेल. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख. बारा पट मोठा! एवढे मोठे फोटो उघडायला फ्रेम वेळ लावते आणि कार्डही लवकर भरतं. म्हणून मूळ फोटो तसाच ठेवून त्याची लहान प्रत फ्रेमसाठी करायची. बहुतेक फ्रेम जेपीजी फोटो दाखवतात. आयफोनचे एचईआयसी फोटो दिसले नाहीत, तर आधी ते जेपीजीत बदलून घ्यायचे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहायचा, जसं २०२५-०१-२६. म्हणजे फोटो आपोआप तारखेप्रमाणे लागतात. आणि महत्त्वाचं म्हणजे, फ्रेम ही दाखवायची जागा आहे, साठवायची नाही. कार्ड कधीही बिघडू शकतं. मूळ फोटो शाळेच्या संगणकात आणि आणखी एका ठिकाणी हवेतच.

‘कोणते’ हा प्रश्न मी तिसरी-चौथीच्या मुलांवर सोपवला. त्यांनी नियम केले: धूसर फोटो नको, डोळे मिटलेला नको, एकसारखे दोन नकोत. मग गणिताच्या तासाला ताळ्याच्या खुणा घेतल्या. कोण किती फोटोंत आहे, ते मोजायचं. फोटो होते ८६ आणि मुलं १९. प्रत्येक कार्यक्रमात पुढे असणारा एक मुलगा ३१ फोटोंत निघाला. एका मुलीच्या नावापुढे मात्र एकही खूण नाही.

“मॅडम, हिचा एकपण नाही!”

ती शांतपणे म्हणाली, “मी कारखान्यावर होते ना.”

तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर गेलेली ती पाडव्याच्या सुमारास परत आली होती. स्नेहसंमेलन, सहल, प्रजासत्ताक दिन, सगळं तिच्या माघारी झालेलं.

“मग तिकडचा आण की,” एक मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईच्या मोबाइलवरून फोटो आला. कोपीसमोर ती उभी, कडेवर धाकटा भाऊ, मागे उसाच्या मोळ्या. फोटो लहान आणि धूसर. नियमाप्रमाणे बादच! पण मुलांचे प्रश्न सुरू झाले. पाणी कुठून आणायचीस? भाऊ रडला तर? आई-बाबा फडातून कधी यायचे? एरवी दोन शब्दांत उत्तर देणारी ती मुलगी त्या दिवशी अर्धा तास बोलत होती. शेवटी मुलांनीच नियम बदलला: प्रत्येकाचा एक तरी फोटो पाहिजे, धूसर असला तरी चालेल.

तरी फोटो लगेच लावला नाही. आपली कोपी चारचौघांनी बघावी असं घरच्यांना वाटेलच, असं नाही. म्हणून तिच्या आईला शाळेत बोलावून विचारलं. त्या म्हणाल्या, “लावा की मॅडम. पण शाळेतला पण एक लावा. दोन्ही दिसू दे.”

१ मेच्या झेंडावंदनाला तिचा फोटो काढला. आता फ्रेममध्ये दोन्ही येतात.

फोटो फ्रेम दिवसभर मुलांना सांगत असते, की ही शाळा कोणाची आहे. ज्याचा चेहरा त्यात कधीच येत नाही, त्यालाही ती काहीतरी सांगतच असते. म्हणून फोटो निवडणं हे आपलं शिकवण्याचंच काम आहे, असं मला वाटतं.

शिक्षकांनो, फ्रेम भरण्याआधी हजेरीपट समोर ठेवून एकदा खुणा कराच. पालकांची संमतीही घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आणि पालकहो, घरच्या फ्रेममध्येही मुलांना अशी मोजणी करायला सांगा. बहुतेक घरांत फोटो काढणारी आई आणि स्वयंपाकघरातली आजी यांच्या नावापुढे खुणा कमीच निघतील. मग मोबाइल मुलांच्या हातात द्या आणि त्यांनाच फोटो काढू द्या.