अब्राहम ब्रायनचं घर

दर जुलैत पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गजवळ अमेरिकन यादवी युद्धातली सगळ्यात मोठी लढाई पुन्हा उभी करतात. ती प्रत्यक्ष जिथं झाली ती जमीन आता राष्ट्रीय उद्यानाची आहे. तिथं नकली लढाईलाही मनाई आहे, म्हणून हा खेळ जवळच्या खासगी शेतावर होतो. माझा ऑफिसातला एक सहकारी त्यात भाग घेतो. त्यानं बोलावलं, आणि बाबा तेव्हा अमरावतीहून आले होते, म्हणून त्यांना घेऊन गेले.

सहकारी मूळचा मिसिसिपीचा. त्याच्या खापरपणजोबांच्या वेळची पिढी दक्षिणेकडून, म्हणजे कॉन्फेडरेट बाजूनं लढली, आणि तोही अकराव्या मिसिसिपी पलटणीचा सैनिक होतो. भर उन्हात अंगात लोकरीचा कोट, खांद्यावरून तिरकी बांधलेली घोंगडी, झोळीत दगडासारखी कडक बिस्किटं. बटणं कशी असावीत, बुटाची शिवण कशी असावी, यावर ही माणसं वर्षभर अभ्यास करतात, पदरचे पैसे घालतात. त्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. त्यानं बाबांच्या हातात बंदूक दिली. एन्फिल्ड, १८५३चा नमुना. काडतुसाचा कागद दातानं फाडून दारू नळीत कशी ओततात ते दाखवलं. गोळी अर्थातच नसते, आणि दारू ठासायचा गजही नळीत घालू देत नाहीत, घाईत तो आतच राहिला तर गोळीसारखा सुटेल म्हणून. बाबा बंदुकीकडे बघतच राहिले. १८५७ साली आपल्याकडे ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती याच बंदुकीची.

दुपारी पिकेटची चढाई झाली. ३ जुलै १८६३ला सुमारे साडेबारा हजार माणसं जवळजवळ मैलभर उघड्या रानातून तोफांच्या तोंडी चालत गेली आणि त्यातली निम्मी मारली गेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. इथं काहीशेच माणसं होती. तरी तोफेचा आवाज छातीत बसतो, धुरानं घसा खवखवतो, आणि रांगेतली माणसं एकेक करून पडायला लागली की पोटात कालवतं. शेवटी बिगुल वाजलं, पडलेले उठले, दोन्ही बाजूंनी टोप्या काढून हात मिळवले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

बाबांनी विचारलं, “हे सगळं कशासाठी झालं, ते कोणीच कसं बोललं नाही?”

खरंच कोणी बोललं नव्हतं. ध्वनिक्षेपकावरून सेनापतींची नावं, तोफांचे प्रकार, शौर्य, ऊन, तहान, सगळं सांगितलं गेलं. गुलामगिरी हा शब्द निदान आमच्या कानावर पडला नाही.

संध्याकाळी तंबूशी बसून मी हे सहकाऱ्याला विचारलं. तो चिडला नाही. म्हणाला, “आमच्या घरात एकही गुलाम नव्हता. गरीब शेतकरी होते. गावावर सैन्य चालून येतंय म्हटल्यावर पोरं गेली.” यात खोटं काही नसावं. एकेकटा माणूस शंभर कारणांनी लढायला जातो. पण त्याच्या राज्यानं कारण लपवलं नव्हतं. मिसिसिपीनं जानेवारी १८६१मध्ये संघराज्यातून फुटताना जे जाहीरपत्र काढलं, त्यात सुरुवातीलाच आपली बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्ण बांधलेली असल्याचं लिहिलं आहे. कॉन्फेडरेट उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी त्याच मार्चमध्ये सव्हानाच्या भाषणात, कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच नव्या राष्ट्राचा पाया असल्याचं सांगितलं. राज्यांचे हक्क, उत्तरेचा जुलूम, हरलेली पण उदात्त बाजू, ही भाषा मोठी झाली ती पराभवानंतर. मी हे सगळं त्याला म्हटलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “उद्या खरं मैदान बघणार असाल तर ब्रायनचं कोठार बघा. आमची पलटण तिथवर पोचली होती.”

दुसऱ्या दिवशी गेलो. सिमेट्री रिजच्या टेकाडावर एक लहानसं पांढरं घर आहे, शेजारी कोठार. जवळच अकराव्या मिसिसिपीची खूण सांगणारा दगड. ज्याचं ते घर, तो अब्राहम ब्रायन हा मुक्त कृष्णवर्णीय शेतकरी होता. कॉन्फेडरेट सैन्य येतंय म्हटल्यावर तो बायकोमुलांना घेऊन पळाला, आणि त्याला तसंच कारण होतं. जून १८६३मध्ये पेनसिल्व्हेनियात शिरलेल्या त्या सैन्यानं कृष्णवर्णीय माणसं, बायकामुलांसकट, धरून दक्षिणेत विकायला नेली. त्यात कधीच गुलाम नसलेलेही होते. ब्रायन परतला तेव्हा घराची चाळण झालेली, पीक तुडवलेलं, कुंपणं गेलेली. त्यानं सरकारकडे हजाराहून जास्त डॉलरची भरपाई मागितली. हाती आले पंधरा.

मी त्या घराच्या पायरीपाशी बराच वेळ उभी होते. ती चढाई ज्या अंगणात येऊन थांबली, ते अंगण ज्याचं, तोच कालच्या खेळात नव्हता. लढणारे दोघंही होते, ज्याच्यावरून लढाई झाली तो नव्हता. हे आजचं नाही. १९१३मध्ये लढाईच्या पन्नासाव्या वर्षी दोन्हीकडचे पन्नास हजारांवर म्हातारे सैनिक इथं जमले आणि दगडी भिंतीवरून त्यांनी हात मिळवले. छायाचित्रं बघताना भरून येतं. पण त्याच काळात दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला गेला होता, त्यांना झाडाला टांगून मारलं जात होतं. गोऱ्या भावांचा समेट झाला तो कारणाचं नाव न घेण्याच्या बोलीवर, असं मला वाटतं, आणि त्याची किंमत तिसऱ्यानं भरली.

परतीच्या वाटेवर बाबा कापसाबद्दल बोलत होते. वऱ्हाडच्या माणसाला तो विषय परका नाही. उत्तरेनं दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचं वेड लागलं आणि १८६५मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. मग ते म्हणाले, “व्यापाऱ्यांनी त्या युद्धात भाव बघितला. जोतिरावांनी माणूस बघितला.” फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुण्यात बसलेल्या माणसाला जे स्पष्ट दिसलं ते इथल्या शेतावर कोणी उच्चारू नये, याचं बाबांना फार वाईट वाटलं.

सहकाऱ्याला ब्रायनबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, “माहीत आहे मला. पण आमच्या तंबूत तो प्रश्न कोणी विचारत नाही.” आमचं अजून पटत नाही, पण बोलणं चालू आहे.

लिंकननं १९ नोव्हेंबर १८६३ला गेटिसबर्गमध्ये भाषण केलं होतं. त्याच्या स्मरणार्थ नोव्हेंबरात गावातून संचलन निघतं. त्यालाही मी गेले. त्यात निळ्या गणवेशातली कृष्णवर्णीय मंडळी होती, युद्धातल्या कृष्णवर्णीय पलटणींचा वारसा सांगणारी. संचलनानंतर त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांशी बोलले. त्यांनी सांगितलं, लोक अजून येऊन विचारतात, तुमचे लोक खरंच लढले होते का? ते दर वेळी आकडा सांगतात: संघराज्याच्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार. मग गावातल्या लिंकन सिमेट्रीची वाट सांगतात. तिथं त्या सैनिकांच्या कबरी आहेत, राष्ट्रीय दफनभूमीपासून वेगळ्या. मलाही त्यांनी वाट सांगितली, आणि संध्याकाळी फाटक बंद होण्याआधी जा म्हणाले.